टेकूवर तारीख हवी

गिरगावात, काळबादेवीला, डोंगरीत किंवा लालबागला टेकू लावलेली इमारत इतकी सवयीची झाली आहे की तिच्याकडे कोणी मान वर करून पाहतही नाही. जिन्याच्या तोंडाशी दोन बल्ल्या, दुकानाच्या गाळ्यात उभा केलेला लोखंडी गर्डर, पहिल्या मजल्याच्या गॅलरीखाली ओळीने लावलेले वासे. काही टेकूंना भिंतीच्या रंगाशी जुळणारा रंग दिलेला असतो, काहींवर मंडळाचा फलक टांगलेला असतो, काहींना कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली असते. टेकूला रंग द्यावासा वाटला, याचाच अर्थ तो आता हलणार नाही असे सगळ्यांनी मनोमन ठरवले आहे. या लेखाचे म्हणणे त्या ठरवण्याच्या विरुद्ध आहे. टेकू हा खांब बदलण्याच्या कामातला मधला टप्पा आहे. आधी खांब का खचला ते शोधायचे, मग भार काढून टेकूवर घ्यायचा, मग खांब बदलायचा, मग भार परत नव्या खांबावर द्यायचा आणि टेकू काढून न्यायचा. आपण यातला एकच टप्पा करतो आणि काम झाले असे समजतो. त्यामुळे कारण जिथल्या तिथे राहते आणि टेकू म्हातारा होत जातो.

या इमारतींची रचना आधी समजून घ्यायला हवी, कारण सिमेंटच्या इमारतीत वाढलेल्या पिढीला ती आतून ठाऊक नसते. मुंबई शहर विभागातल्या जुन्या चाळी बहुतांशी लाकडी सांगाड्यावर उभ्या आहेत. जमिनीत पाया, त्यावर खांब, खांबांवर तुळई, तुळईवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर चुन्याचा कोबा आणि सगळ्यात वर लादी. खांबांच्या मधल्या जागेत विटा भरलेल्या. भिंत जाडजूड दिसते म्हणून तिनेच मजला धरला आहे असे वाटते, पण अनेक ठिकाणी भार त्या भिंतीत दडलेल्या खांबांतून खाली जातो. लादीवर ठेवलेल्या कपाटाचे वजन कडीतून तुळईला, तुळईतून खांबाला आणि खांबातून जमिनीला पोचते. या वाटेत कुठेही खंड पडला की भार नाहीसा होत नाही, तो दुसरी वाट शोधतो. ती वाट शेजारच्या खांबाची असते, विटांच्या भरावाची असते, कधी दाराच्या चौकटीचीही असते. दार अचानक लागेनासे झाले, तर सुताराला बोलावून ते तासून घेण्याआधी त्याच्यावरचा मजला कोणी धरला आहे हे पाहावे. दार तासले की तक्रार मिटते आणि इमारतीने दिलेली सूचनाही पुसली जाते.

खांब बहुतेक वेळा मधून मोडत नाही, तो पायाशी कुजतो. लाकूड कोरडे राहिले तर शतकानुशतके टिकते. त्यातली ओल साधारण २० टक्क्यांच्या खाली असेल तर ते कुजवणारी बुरशी त्यात वाढू शकत नाही. वाडे बांधणाऱ्या जुन्या कारागिरांकडे हे मोजायची यंत्रे नव्हती, पण उत्तर होते. खांब ते थेट जमिनीत रोवत नसत, त्याच्याखाली दगडी तळखडा बसवत. तळखड्यामुळे लाकडाचा पाय जमिनीच्या ओलीपासून वर राहतो, आणि कुजायला लागलाच तर तो डोळ्यांना दिसतो. चाळींच्या काळातही पुष्कळ ठिकाणी हे पाळलेले आढळते. पुढे काय झाले? फरशी फुटली म्हणून तिच्यावरच नवी फरशी बसवली गेली, मग तिच्यावर टाइल्स आल्या. बाहेर रस्ता दर डांबरीकरणागणिक वर चढला आणि जोते रस्त्याच्या पातळीला, कधी त्याच्याही खाली गेले. तळखडा फरशीच्या पोटात गाडला गेला आणि खांबाचा पाय पावसाळाभर ओलीत बसला. मोरी आणि सामाईक संडास यांच्या लगतच्या खांबांची अवस्था याहून वाईट, कारण तिथे पावसाळा बारा महिने असतो. वाळवी आली म्हणून लाकडाला दोष देतात, पण वाळवीला आधी ओलीने वाट करून दिलेली असते. असा खांब काढून त्याच जागी, त्याच फरशीच्या खड्ड्यात दुसरा उभा केला, तर दुसराही त्याच कारणाने जाणार. म्हणून खांबाच्या दुरुस्तीचे पहिले काम बहुधा नळ आणि सांडपाण्याच्या पाइपांचे असते. ते सुताराच्या अंदाजपत्रकात सहसा नसते.

कुजण्याचा परिणाम किती होतो, हे साध्या गुणाकाराने दाखवता येते. समजा तळमजल्यावरच्या एका खांबाच्या वाट्याला प्रत्येक मजल्याचा ३ मीटर बाय ३.५ मीटर तुकडा येतो, म्हणजे साडेदहा चौरस मीटर. फळ्या, कोबा आणि लादी यांचे वजन चौरस मीटरला २५० किलो धरू. माणसे आणि सामान यांसाठी राहत्या घरांना भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण २०० किलो धरतात. एका मजल्याचे ४,७२५ किलो झाले. वर तीन मजले असतील तर १४ टनांहून थोडे अधिक, आणि छप्पर अजून मोजलेलेच नाही. खांब २० सेंटिमीटर चौरस असेल तर हा भार ४०० चौरस सेंटिमीटरवर पडतो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ३५ किलो. चांगल्या सागवानाला कोरड्या जागी याच्या अडीचपट ताण चालतो, म्हणून बांधणाऱ्याने काही चूक केलेली नव्हती. आता पायाशी चारही बाजूंनी फक्त ४ सेंटिमीटर लाकूड भुसभुशीत झाले असे समजा. धड लाकूड उरले १२ बाय १२, म्हणजे १४४ चौरस सेंटिमीटर. ताण ९८ किलोवर गेला आणि सुरक्षिततेसाठी ठेवलेली सगळी शिल्लक संपली, तीही ओल्या जागी, जिथे त्याच सागाची मान्य ताकद आणखी कमी धरावी लागते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र तेलरंग दिलेला २० सेंटिमीटरचा खांब दिसत असतो.

हाच हिशेब टेकूलाही लावून पाहावा. उभ्या काठीची ताकद तिच्या जाडीइतकीच तिच्या उंचीवर अवलंबून असते, हे अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने सूत्रात मांडले. मध्ये कुठेही न धरलेल्या बारीक खांबाची उंची दुप्पट केली, तर तो वाकण्याआधी पेलू शकणारा भार चौथ्या हिश्शावर येतो. ३ मीटर उंचीची, १० सेंटिमीटर जाडीची सरळ बल्ली ढोबळ हिशेबाने दीड टनाच्या आसपास भार सुरक्षितपणे पेलेल. मघाच्या हिशेबातल्या खांबाचे १४ टन घ्यायचे तर अशा नऊ-दहा बल्ल्या हव्यात. प्रत्यक्षात दोन किंवा तीन दिसतात. त्यांना मधोमध आडव्या-तिरप्या पट्ट्यांनी एकमेकींशी बांधले तर न धरलेली उंची निम्मी होते आणि ताकद कितीतरी वाढते. पण त्या पट्ट्या येण्याजाण्याच्या आड येतात, म्हणून त्याच सगळ्यांत आधी काढल्या जातात. स्क्रूच्या लोखंडी प्रॉपचेही असेच आहे. तो जितका लांब ओढून लावला तितका कमकुवत, त्यामुळे 'लोखंडी आहे, काळजी नको' हा दिलासा उंच मजल्याखाली फसवा ठरतो.

नीट काम कसे होते ते इथे सांगितले पाहिजे, कारण अर्धवट कामाची सवय इतकी झाली आहे की पुरे काम कसे दिसते तेच अनेक रहिवाशांनी पाहिलेले नाही. खचलेल्या खांबाच्या दोन्ही अंगांना, थोडे अंतर सोडून, जमिनीवर जाड स्लीपर आडवे टाकतात. त्यामुळे टेकूचा भार एका लादीवर न पडता पसरतो. स्लीपरवर टेकू, टेकूंच्या डोक्यावर पुन्हा आडवे लाकूड किंवा गर्डर, आणि मग जॅकने किंवा समोरासमोर ठोकलेल्या दोन पाचरींनी तो तुळईला भिडवतात. वरच्या मजल्यावरही टेकू लावायचा असेल तर त्याच्या बरोबर खाली, एका रेषेत, जमिनीपर्यंत टेकू गेलाच पाहिजे. नाहीतर वरचा भार खालच्या कड्यांच्या ऐन मध्यावर आणून ठेवल्यासारखे होते. भिंतीतल्या भेगांवर काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवून तिच्यावर तारीख घालतात. इमारत हलली तर काच तडकते. खांब ओळंब्यात आहे का ते पाहतात. भार हळूहळू, मिलिमीटर-दोन मिलिमीटरने घेतात, मध्ये थांबतात, काचा बघतात. जुना खांब मोकळा झाला की मगच तो कापायचा. त्यानंतर खालची फरशी फोडून पाया उघडा करायचा, ओल कुठून येते ती वाट बंद करायची, काँक्रीटचा किंवा दगडाचा उथळा फरशीच्या वर येईल असा बांधायचा आणि त्यावर नवा खांब बसवायचा. वरच्या टोकाला, तुळई आणि खांब यांच्यामध्ये, रुंद पोलादी प्लेट हवी. लाकूड उभ्या धाग्यांत जितका दाब सोसते त्याच्या कितीतरी कमी आडव्या धाग्यांत सोसते. अरुंद लोखंडी खांबाचे डोके तुळईत रुतत जाते ते यामुळेच. शेवटी जॅक हळूहळू सैल करून भार नव्या खांबावर उतरवायचा, काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचा आणि टेकू उचलून न्यायचे. अनुभवी मिस्त्रीला यातले काहीच नवे नाही. त्याला ते करायला सांगणारा आणि त्याचे पैसे देणारा कोणी नसतो, अडचण तिथे आहे.

उत्तर अमेरिकेत तळघर असलेल्या लाकडी घरांमध्ये हेच काम घरमालक काढतो. न्यू जर्सीत घर घेतलेल्या मराठी कुटुंबालाही बेसमेंटमधला गंजलेला लोखंडी खांब बदलायचा तर खाली काँक्रीटचा पाया आहे का, हा प्रश्न आधी विचारला जातो. तिथे राहणारा, मालक आणि जबाबदार माणूस एकच असतो. आपल्याकडे एका खांबाला तीन धनी आहेत, म्हणून तो निर्धनी आहे. मुंबईत १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने बहुतेक जुन्या घरांची भाडी १९४० च्या सप्टेंबरच्या पातळीवर गोठवली. भाड्यातून दुरुस्तीचा खर्च निघेना, मालकाने हात काढून घेतला, भाडेकरूला मालकी नव्हती. इमारती कोसळू लागल्यावर १९६९ साली खास कायदा झाला, उपकर लावला गेला आणि इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आले. ते पुढे म्हाडाचा भाग झाले. उपकरप्राप्त इमारती तेव्हा १९,६४२ मोजल्या गेल्या आणि त्यांतल्या १६,५०२ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या होत्या. म्हणजे आज त्या गटातली उभी असलेली सर्वांत तरुण इमारतही ऐंशी पावसाळ्यांपेक्षा जास्त भिजलेली आहे. १९९९ चा नवा भाडे नियंत्रण कायदा २००० च्या मार्चअखेर लागू झाला आणि वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मुभा मिळाली. पण गोठलेल्या रकमेवर चार टक्के म्हणजे काही खोल्यांच्या बाबतीत महिन्याला काही रुपये.

मंडळाची व्यवस्था वाईट हेतूने उभी राहिली नाही, आणि तिने असंख्य इमारती तगवल्या हे मान्य करायला हवे. पण तिची रचनाच टेकूच्या बाजूने झुकते. दुरुस्तीच्या खर्चाला चौरस मीटरमागे मर्यादा आहे. खर्च तिच्यापलीकडे जाणार असे दिसले, तर इमारत दुरुस्तीयोग्य नाही असे ठरवून पुनर्रचनेकडे जावे लागते. पुनर्रचना म्हणजे संक्रमण शिबिर, आणि संक्रमण शिबिरात गेलेली कुटुंबे परत कधी येतात हे मुंबईला चांगले ठाऊक आहे. त्यामुळे रहिवाशालाही खांबाचा खरा अहवाल नको असतो. टेकू मात्र सगळ्यांना परवडतो. तो तातडीचे काम म्हणून लवकर लागतो, घर सोडावे लागत नाही, आणि 'उपाययोजना केली' असे कागदावर येते. प्रत्येकाचे वागणे आपापल्या जागी समजण्यासारखे आहे. त्या सगळ्या समजूतदारपणाची बेरीज करून इमारत पडते.

यावर पहिली हरकत अनुभवी माणसांचीच येते, आणि ती सगळ्यांत वजनदार आहे: जुन्या लाकडी इमारतीला हात लावू नका, ती आपली आपण सावरून बसलेली असते. यात तथ्य आहे. लाकूड वर्षानुवर्षे भाराखाली हळूहळू वाकते आणि त्या वाकलेल्या आकारात स्थिरावते. खचलेला मजला जॅक लावून एका दिवसात सपाट करायला गेले, तर प्लास्टर फुटते, पाइप तुटतात, शेजारच्या खोलीतल्या सांध्यांवर नको तो ताण येतो. 'लादीवर गोटी घरंगळते, ती थांबवून द्या' असा आग्रह रहिवाशांनी धरूच नये. पण या हरकतीतून निघतो तो सल्ला मजला न उचलण्याचा आहे, खांब न बदलण्याचा नव्हे. भार जिथे आहे त्याच पातळीवर धरून कुजका खांब बदलता येतो. आणि टेकू ठोकणे हाही हात लावणेच आहे. पाचर नको तितकी ठोकली तर तुळई वर उचलली जाते आणि शेजारचा खांब मोकळा पडतो. सैल ठोकली तर टेकू नुसता शोभेला उभा. इमारत सावरून बसली आहे असे म्हणणाऱ्याने ती नेमकी कशावर बसली आहे ते दाखवले पाहिजे.

दुसरी हरकत आजच्या मुंबईची आहे. पुनर्विकास येणारच आहे, मग पडायच्या इमारतीवर खर्च कशाला? विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) च्या योजनेची फाइल फिरत असते, विकासकाच्या बैठका होत असतात, आणि अशा वेळी खांबासाठी वर्गणी काढू म्हणणारा माणूस अडाणी ठरतो. पण पुनर्विकास ही तारीख नसते, ती शक्यता असते. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजारच्या पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत पडली आणि ३३ माणसे गेली. ती इमारत समूह पुनर्विकासाच्या प्रकल्पातच होती. धोका कोणाला माहीत नव्हता असे नाही, सुटकेचा मार्ग आखलेला नव्हता असेही नाही. आखलेला मार्ग आणि रिकामी झालेली खोली यांच्यामधल्या काळात ती कोसळली. १६ जुलै २०१९ ला डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग पडला, बरोबर एका वर्षाने, १६ जुलै २०२० ला, फोर्टमधल्या भानुशाली इमारतीचा. दोन्ही वेळा ऐन पावसाळा होता. पुनर्विकासाला विरोध करायचे काही कारण नाही. किती तरी इमारतींना तोच एक उपाय उरला आहे. पण तो येईपर्यंतच्या पावसाळ्यांत मजला कोणी धरायचा, या प्रश्नाला 'पुनर्विकास' हे उत्तर होत नाही. उलट पुनर्विकासाची आशा जितकी जवळची वाटते, तितकी देखभाल आधी थांबते, आणि मधला काळ लांबला की तोच सगळ्यांत धोक्याचा ठरतो.

लाकूड काढून लोखंड लावले की प्रश्न संपला, असेही अनेकांना वाटते. पोलादी गर्डर मजबूत असतो यात वाद नाही. पण मोरीशेजारी त्याचा पाय ओलीत ठेवला तर तो गंजतो आणि गंज काँक्रीटच्या आवरणाआड दिसत नाही. लाकूड बऱ्याचदा आधी कुरकुरते, चिरफळ्या दाखवते. आगीत उघडे पोलाद साधारण ६०० अंश सेल्सियसच्या आसपास निम्मी ताकद गमावते, तर जाड सागवान बाहेरून कोळसा होत होत आतून बराच वेळ भार धरते. जिथे दाटीवाटीने विजेच्या तारा आहेत तिथे हा फरक विचारात घेण्यासारखा आहे. निवड लाकडाची असो की लोखंडाची, दोघांनाही कोरडा पाय लागतो.

खांब हा ज्याच्या खोलीत किंवा गाळ्यात आहे त्याची खासगी वस्तू आहे, ही समजूत तर सगळ्यांत महाग पडलेली आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये माझगावची बाबू गेनू मंडईची इमारत पडून ६१ जण मेले, जुलै २०१७ मध्ये घाटकोपरला साई सिद्धी इमारत पडून १७. दोन्ही इमारती सिमेंट-काँक्रीटच्या होत्या, चाळी नव्हत्या, आणि दोन्हींत तळमजल्यावर केलेल्या फेरबदलांकडे बोट दाखवले गेले. लाकडी इमारतीला हे अधिकच लागू आहे. गाळा रुंद दिसावा म्हणून दुकानदाराने आत घेतलेला किंवा तासलेला खांब तिसऱ्या मजल्यावरच्या पाळण्याखाली असतो. गाळ्यात टेकू लावू द्यायला जो दुकानदार तयार नसतो, तो जागेची अडचण सांगतो. वरचे चार संसार त्याच जागेवर उभे आहेत हे त्याला कागदावर सांगणारे कोणीतरी हवे.

पैशाची अडचण खरी आहे. पण नळ दुरुस्त करणे, फरशी फोडून पाया कोरडा करणे, उथळा बांधणे आणि एक खांब बदलणे हा खर्च अख्ख्या इमारतीच्या दुरुस्तीचा नसतो. तो एका खणाचा असतो, आणि तो वेळेवर केला तर शेजारचे खण वाचतात. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी महापालिकेच्या कायद्याने आधीच बंधनकारक आहे, दरवर्षी पावसाळ्यापूर्वी म्हाडा अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी जाहीर करते, आणि महापालिका स्वतःच्या यादीत रिकाम्या करायच्या आणि दुरुस्तीने तगणाऱ्या इमारतींचे वेगळे वर्ग करते. नवा कायदा लागत नाही. या कागदांत टेकूचा एक रकाना लागतो: कोणत्या खांबासाठी लावला, किती भारासाठी, कोणत्या तारखेला, कारण काय आढळले आणि कोणत्या तारखेपर्यंत काढायचा. तोच मजकूर टेकूवर पत्र्याच्या पट्टीवर ठोकावा, म्हणजे जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला मुदत उलटली आहे का ते वाचता येईल.

ही नोंद सुरू होईपर्यंत रहिवाशांनी एवढे तरी करावे. पावसाळ्यानंतरच्या कोरड्या दिवसांत आपल्या इमारतीतल्या प्रत्येक टेकूचे डोके आणि पाय पाहावे. हाताने हलवून जो हलतो तो काहीही धरत नाही. ज्याच्या पायाखालची लादी फुटली आहे तो स्वतःच खचतो आहे. ज्याच्या बरोबर खालच्या मजल्यावर टेकू नाही तो खालच्यांच्या कड्यांवर उभा आहे. खांबांच्या पायाशी जाड सुई किंवा स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहावा. लोण्यात गेल्यासारखा आत गेला तर किती आत गेला ते आणि तारीख लिहून, फोटो जोडून विभागाच्या कार्यकारी अभियंत्याकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. अर्जात टेकू मागू नये, खांब बदलून मागावा.